मैनेच्या तोंडचं नाव

गिरजा ढिवराची पोर होती आणि पाण्याला भीत होती. एवढ्यावरून बाकीचं ओळखावं. सिंदेवाहीकडच्या एका तळ्याकाठच्या गावात ती वाढली. बाप आणि चार भाऊ जाळ्यावर पोट भरणारे, आणि ही गुडघ्याला पाणी लागलं की काठाकडे पळणारी. ती विजेला भिई, सापाला भिई, चावडीवरच्या शिपायाला भिई, आणि मागून कुणी हाक मारली तरी दचके. गावानं तिची पोटभर टिंगल केली. भित्र्या माणसाला रोज सकाळी उठून जेवढा धीर गोळा करावा लागतो तेवढा धीट माणसाला वर्षातून एकदाही लागत नाही, हे टिंगल करणाऱ्यांच्या डोक्यात कधी शिरत नाही.

पण तिची सगळ्यात मोठी भीती नवऱ्याच्या नावाची होती. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिकडच्या सगळ्याच बायका मानत. गिरजानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं, निदान तिला तसं वाटे. ती सात वर्षांची असताना तिच्या आत्यानं भर बाजारात भांडताना नवऱ्याला नावानं हाक मारली, आणि त्या दिवाळीच्या आतच तो तळ्यात स्वतःच्या जाळ्यात गुंतून मेला. दोन गोष्टींचा संबंध काय, असं तुम्ही-आम्ही विचारू. सात वर्षांच्या पोरीनं ते विचारलं नाही, आणि पुढं विचारायचं धाडस तिला झालं नाही.

लग्न झालं ते मनसारामशी. या नावानं तिची मोठी पंचाईत केली. नावात राम, म्हणून कुणी रामराम केला तर ती नुसते हात जोडी, आणि रामफळाला 'लाल सीताफळ' म्हणे. नावात मन, म्हणून तिच्या कधी काही मनात येत नसे, सगळं पोटात येई. चांद्याला बिनबा दरवाजाजवळ दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. शेजारच्या म्हाताऱ्या आशाबाईनं हा प्रकार ऐकला तेव्हा ती म्हणाली की नवऱ्याचं नाव झाडू नाही हे नशीब, नाहीतर घर कचऱ्यानं भरलं असतं.

मनसाराम सागवानाच्या एका ठेकेदाराकडे मुकादम होता. दिवाळी झाली की तो एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलात तोडीवर जाई, उन्हाळा सरता परते, आणि पावसाळाभर चांद्याच्या लाकूड-डेपोवर असे. माणूस उंच, मोजकं बोलणारा आणि पाखरांचा वेडा. पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात परत येताना त्यानं डोंगरी मैनेचं पिल्लू आणलं. जंगू नावाच्या माडिया मजुरानं ते झाडाच्या ढोलीतून काढून त्याला दिलं होतं. अंग काळंभोर, चोच केशरी, कानामागे पिवळ्या कातड्याच्या झालरी. फुटाण्याचं पीठ, केळं आणि उंबरं खाऊन सहा महिन्यांत ते पाखरू शेजारच्या शेळीसारखं ओरडू लागलं, मग आशाबाईसारखं खोकू लागलं. घरात मूलबाळ नव्हतं. गिरजा दिवसभर त्या मैनेशी बोले, कारण सबंध चांद्यात तिला भीती वाटत नाही असा तो एकच जीव होता.

त्याच हिवाळ्यात, संक्रांतीच्या सुमारास, पोचू नावाचा बैलबंडीवाला जंगलातून लाकडं घेऊन आला आणि सांगून गेला की तोडीवर वाघानं एका मुकादमाला नेलं. कोणत्या, ते त्याला ठाऊक नव्हतं. तोडीवर मुकादम दोनच होते.

ठेकेदाराच्या घरी विचारलं तर तिथंही खबर नव्हती. गिरजाच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या माहेरी एक चाल होती. जंगलात कुणी हरवलं, वाट चुकलं, की त्याच्या आईनं दिवेलागणीला उंबऱ्यावर उभं राहून त्याला नावानं घरी बोलवायचं. आईची हाक रान ओलांडून जाते म्हणत. हाक आईचीच लागते, बहीण-भाऊ चालत नाहीत, बायकोचा तर प्रश्नच नाही. आणि मनसारामची आई त्याच्या लग्नाआधीच वारली होती.

दोन संध्याकाळी गिरजा नुसती उंबऱ्यावर उभी राहिली. कुणीतरी हाक मारायला हवी होती आणि मारणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं पुढचं दार लावून घेतलं, कंदील पेटवला, परसातल्या दारात उभी राहिली आणि आई म्हणेल तसं म्हणाली, "मनसाराम, घरी ये." नाव घेतलं ते घेतलं, वर अरेतुरे केलं. नाव घ्यावं तर आयुष्य तुटतं, न घ्यावं तर रानातून परततच नाही. तिनं रोज तीनदा हाक मारली, एकोणीस संध्याकाळी. मैनेचा पिंजरा त्याच दारावर टांगलेला होता, याचा विचार तिनं केला नाही.

विसाव्या दिवशी मनसाराम परत आला. वाघानं नेलेला दुसरा मुकादम होता. पण मनसारामच्या अंगात हिवताप भरला होता. दर तिसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली की तो कुडकुडायला लागे आणि चार वाकळी टाकल्या तरी खाट हलत राही. ठेकेदारानं त्याला त्या वर्षापुरतं डेपोवरच ठेवलं. दवाखान्यातून कुनैन आणलं. गिरजाला मात्र दवाखान्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं की हा ताप कुठून आला.

आणि मग एका संध्याकाळी, मनसाराम डेपोवर असताना, तिनं कंदील पेटवला आणि परसदारातून आवाज आला, "मनसाराम, घरी ये." आवाज तिचाच होता. तोच रडवेला सूर, तीच शेवटची ओढ. गिरजाच्या हातून काच निसटली आणि फुटली. मैनेनं मान तिरकी केली आणि पुन्हा म्हटलं, आणि मग तिसऱ्यांदा, मोजून.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला. दिवा लागला की मैना बोले, एरवी दिवसभर शेळी आणि खोकला. गिरजा उजेड असतानाच पिंजरा न्हाणीत नेऊन ठेवी, वर डालगं घाली, डालग्यावर वाकळ टाकी, आणि मगच दिवा लावी. झाकली मूठ झाकलेलीच राहावी म्हणून ती घामाघूम होई. पण तिला खरं खाई ते वेगळंच. बोलत होती मैना, पण आवाज तर गिरजाचा. मग नाव कोण घेत होतं? तिनं आशाबाईला आडून विचारलं, आपल्या कुणा मावसबहिणीच्या पोपटाचं म्हणून. आशाबाईनं तंबाखू मळता मळता निकाल दिला.

"पाखराले काय पाप? पाप शिकवणारीचं. अन् आवाज तिचा असन तर दर खेपेले तिचंच."

दर खेपेला. रोज तीनदा. गिरजानं त्या रात्री जेवण टाकलं.

आता मंडळाची गोष्ट. चांद्यात तेव्हा पाखरं पाळणाऱ्यांचं एक मंडळ होतं. अकरा सभासद, सगळे बूटवाले. अध्यक्ष होते म्हातारे वकील गुणवंतराव. त्यांच्या बागेत खोलीएवढा जाळीचा पिंजरा होता, त्यात लाल मुनिया, जावा चिमण्या आणि कलकत्त्याहून आणलेले हिरवे-पिवळे बजरीगर. अंडी उबवून पिल्लं वाढवायची, एकमेकांना द्यायची, वहीत नोंद ठेवायची, असा त्यांचा कारभार. गुणवंतरावांकडे एक डोंगरी मैनाही होती, पण एकटी. ती नर की मादी ते कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक जण छातीठोकपणे सांगे. पिंजऱ्यासाठी लाकूड घ्यायला ते डेपोवर आले, मनसारामशी बोलणं झालं, त्याच्याकडे मैना आहे हे कळलं, आणि त्यांनी त्याला सभासद व्हायला बोलावलं.

मनसाराम त्या दिवशी घरी आला तो वेगळाच माणूस होता. जन्मभर तो अशा लोकांपुढं उभा राहिला होता. वकिलानं त्याला ओसरीवर खुर्ची दिली होती. तो हे तीनदा सांगत राहिला, खुर्ची वेताची होती हेसुद्धा. मंडळाचा नियम असा होता की नव्या माणसाचं पाखरू आधी आठ दिवस अध्यक्षांच्या घरी वेगळ्या खोलीत ठेवायचं. कारण आदल्या वर्षी कुणाच्या तरी नव्या मुनियेनं रोग आणला आणि चाळीस पाखरं मेली. मग रविवारी सभेत पाखरू तपासायचं, त्याला जो रोज चारा घालतो त्यालाच प्रश्न विचारायचे, आणि कुणाची हरकत नसेल तर वहीत नाव घालायचं.

गिरजाला एवढंच ऐकू आलं. आठ दिवस मैना परक्या घरात, आणि तिथं दिवा लागणार. तिनं नाना सबबी सांगितल्या. मैना आजारी दिसते, हवा बाधेल, मोठ्या लोकांत आपलं काय काम. मनसारामनं एकेक ऐकून घेतली आणि पिंजरा घासायला बसला. दुसऱ्या दुपारी तो डेपोवर गेल्यावर तिनं छातीवर दगड ठेवून पिंजऱ्याचं दार उघडलं आणि मैनेला हात जोडून सांगितलं की बाई, तू जा. मैना बाहेर आली, ओसरीवरून टुणटुणत चुलीपाशी गेली, परातीतला भात खाल्ला, शेळीसारखी ओरडली आणि परत पिंजऱ्यात जाऊन बसली. गिरजा तिथंच फतकल मारून रडली.

मैना गेली आणि ते आठ दिवस सुरू झाले. रोज संध्याकाळी गिरजा दिवा लावायला उशीर करी, जसं काही तिच्या घरी अंधार ठेवल्यानं वकिलाच्या घरी उजेड होणार नव्हता. मग लांबून कुठं खिडकीत दिवा दिसला की ती गळ्यातली काळी पोत मुठीत धरी आणि तीनपर्यंत मोजी. तिसऱ्या दिवशी मनसारामला ताप भरला, पाचव्या दिवशी त्याहून जास्त. सातव्या दिवशी तो तापात बरळला. ती त्याच्या पायाशी बसली होती आणि तिला उघड दिसत होतं की तिकडे तिचा आवाज बोलतो आहे आणि इकडे तिच्या नवऱ्याचं आयुष्य तुटतं आहे. सगळं सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं. पण सांगायचं म्हणजे काय केलं ते सांगायचं, आणि तेवढी हिंमत तिच्यात नव्हती. माणूस मरेल ही भीती आणि माणूस रागावेल ही भीती एकाच वेळी वाटू शकते. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी कधी धड भिऊन पाहिलेलं नाही.

सभा रविवारी सकाळी दहाला होती, एवढाच एक आधार. सकाळी दिवा लागत नाही.

वकिलांच्या ओसरीवर सभासद गोल बसले होते. मनसाराम तापातून उठलेला, डोळे खोल गेलेले, पण धुतलेला सदरा घालून वेताच्या खुर्चीत ताठ बसला होता. मध्ये टेबलावर पिंजरा. गिरजाला चारा घालणारी म्हणून बोलावलं होतं. ती आतल्या दाराच्या चौकटीआड उभी होती, गुणवंतरावांच्या विधवा बहिणीजवळ, रुखमाबाईजवळ. पीठ कसलं देता, पाणी कितीदा बदलता, असे प्रश्न आले. रुखमाबाईनं ते आत सांगितले आणि गिरजाची उत्तरं बाहेर सांगितली. सगळं ठीक झालं. वही उघडली गेली. गिरजानं आठ दिवसांत पहिल्यांदा पुरता श्वास घेतला.

तेवढ्यात दवाखान्यातले कंपाउंडर रामाजी म्हणाले की घसा बघायचा राहिला. रोग असतो तो घशात. त्यांनी मैनेला टॉवेलात धरलं, चोच उघडली आणि आत अंधार दिसतो म्हणून दिवा मागितला. गड्यानं आतून पेटता कंदील आणला आणि पिंजऱ्याशेजारी ठेवला. रामाजींनी घसा पाहिला, ठीक आहे म्हणाले, मैनेला सोडलं. मैना दांडीवर बसली, पंख झाडले, कंदिलाकडे मान तिरकी केली.

"मनसाराम, घरी ये."

गिरजानं डोळे मिटून घेतले. आणि मग खुर्ची वाजली. मनसाराम उभा राहिला होता.

"आलो," तो म्हणाला.

तो काय बोलला ते त्यालाही नंतर कळलं. सभासद हसले. रामाजी तर टॉवेल तोंडाला लावून हसले आणि म्हणाले की मुकादमाच्या घरी बायको नावानं बोलावते, अरेतुरे करते, मग वहीत नाव कुणाचं लिहायचं. मनसारामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चौकटीआड गिरजाला वाटलं की जमीन फाटावी. मैनेनं दुसऱ्यांदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा.

एकटे गुणवंतराव हसले नव्हते. त्यांनी लेखणी दौतीत बुडवली आणि वर न पाहता बोलले.

"आठ दिवस रोज दिवा लागला का आईकून राह्यलो मी. कोणाले सांगतलं नाई. माह्या घरात अडतीस वर्षं कोणी माहं नाव घेतलं नाई. नाव न घेणारी देवाघरी गेली अन् मी इथी बसलो आहो. हसाले काय झालं?"

त्यांनी वहीत मनसारामचं नाव लिहिलं आणि वही त्याच्यापुढं सरकवली. बिचाऱ्या वकिलाला वाटलं असेल की आपण त्या बाईची भीती घालवली. गिरजानं उलटाच हिशोब केला. त्यांच्या बायकोनं अडतीस वर्षं नाव घेतलं नाही, म्हणूनच तर म्हातारा सत्तरीतही ठणठणीत होता.

घरी जाताना मनसाराम पुढं आणि ती दहा पावलं मागं. गिरजानं त्याची पाठ पाहत पाहत सगळ्या शिक्षा स्वतःच ठरवून टाकल्या. माहेरी धाडेल, मारेल, गावभर सांगेल. घरात आल्यावर तो खाटेवर बसला आणि विचारलं की मैनेला हे कधी शिकवलं. तिनं जमिनीकडे पाहत सांगितलं. पोचूनं आणलेली खबर, लावलेलं दार, एकोणीस संध्याकाळी, आईची हाक. तापाचं मात्र सांगितलं नाही.

मनसारामनं धुतलेला सदरा काढून खुंटीला अडकवला. मग म्हणाला, "माय गेल्यापासून मले असं कोणीच बोलावलं नाई." आणि थोड्या वेळानं, जरा लाजत, "एकडाव म्हण ना."

गिरजानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. "मले मारा पाहिजे तर," ती म्हणाली, "पण हे नका सांगू." आणि तिला असं रडू फुटलं की त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

मैना वकिलांकडेच राहिली, त्यांच्या मैनेशी जोडी जमवायला. मनसारामनं डेपोवरून सागाचा एक पोकळ ओंडका निवडून तिथं नेला आणि जाळीत उंच बांधला. डेपो सुटला की तो रोज वकिलांकडे जाई. मंडळाचं काम असतं म्हणे. काम कसलं? दिवा लागायच्या वेळी तो जाळीपाशी जाऊन उभा राही, तीनदा ऐके, आणि मग घरी येई. गिरजाला हे रुखमाबाईकडून कळलं. तिला वाईट वाटलं आणि भीतीही वाटली, कारण ताप काही जात नव्हता. उन्हाळ्यात तो उतरणीला लागल्यासारखा वाटे आणि पुन्हा उलटे. मनसाराम निम्मा झाला होता.

चैत्र सरता जोडी जमली. मनसारामची मैना मादी निघाली. ती ओंडक्यात गवत नेऊ लागली आणि एक दिवस रामाजींनी शिडीवरून आरशात पाहून सांगितलं की दोन अंडी आहेत, निळसर, तांबूस ठिपक्यांची. डोंगरी मैनेनं पिंजऱ्यात अंडी घातल्याचं मंडळात कुणी ऐकलंही नव्हतं. पेढे वाटले गेले. रामाजींनी मनसारामच्या पाठीवर थाप मारली आणि स्वतःच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

पण जोडी जमल्यापासून मैनेनं माणसाची बोली टाकली. शेळी नाही, खोकला नाही, काहीच नाही. दिवा लागला तरी ती ओंडक्यातून तोंड बाहेर काढीना. तिला आता तिचं घर होतं. मनसाराम रोज जाऊन उभा राही आणि परत येई. आठवडा झाला, दोन आठवडे झाले.

गिरजाला खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाव थांबलं होतं. पहिले चार दिवस तिला तसं वाटलंही. मग तिला दिसू लागलं की मनसारामचं जेवण निम्म्यावर आलं आहे. कुनैनच्या गोळ्या तो विसरू लागला. एका संध्याकाळी तो वकिलांकडून आला तो घरात आलाच नाही. अंगणात लिंबाखाली दगडावर बसला, दाराकडे पाठ करून. तापाचा दिवस होता. वारा सुटला होता आणि त्याचे खांदे हलताना तिला दारातून दिसत होते.

"अवो, जेवाले चला," ती म्हणाली. त्यानं हात वर करून 'थांब' अशी खूण केली आणि तसाच बसून राहिला. ती पुन्हा म्हणाली. या वेळी त्यानं हातही वर केला नाही.

गिरजानं कंदील पेटवला आणि उंबऱ्यावर ठेवला. आत्याचा नवरा, तळं, ते जाळं, सगळं तिच्या डोळ्यांपुढं उभं होतं. शेजारी आशाबाई ओसरीवर बसलेली होती, आणि पुढचं दार सताड उघडं होतं. तिनं चौकट धरली.

"मनसाराम," ती म्हणाली, "घरी ये."

आशाबाईचा तंबाखू मळणारा हात थांबला. मनसाराम वळला. तो एवढा हळू उठला की गिरजाला वाटलं आता पडतो. अंगणापासून उंबऱ्यापर्यंत बारा पावलं होती. ती श्वास रोखून एकेक पाऊल मोजत राहिली, आणि प्रत्येक पावलाला तिला वाटलं की हे शेवटचं. तो उंबरा ओलांडून आत आला, पाट ओढला आणि बसला.

"वाढ," तो म्हणाला. तिनं भात वाढला. निम्मा ताटाबाहेर सांडला, आणि मनसारामनं तो गोळा करून खाल्ला.